तीन रुपये आणि तीन पैसे

लघुकथेंतील एखाद्या पात्राचें आयुष्य बाह्य परिस्थितीनें कसें घडलें, असा प्रश्न घातला म्हणजे बहुतेक उत्तरपत्रिकांत 'तो गरीब होता म्हणून' एवढेंच वाक्य आढळतें. वाक्य खोटें नसतें. परंतु त्यानें कथेचें दार उघडत नाहीं. गरिबी माणसाच्या घरांत कोणत्या वाटेनें शिरते, त्याच्या हातांतून काय काढून घेते आणि काय काढून घेऊं शकत नाहीं, हें पाहावयाचें असतें. कादंबरीकारास त्यासाठीं शेंकडों पानें मिळतात. लघुकथाकारास मिळते एखादी रात्र, एखादी जत्रा, फार तर एखादें नाणें.

हिंदी कथाकार प्रेमचंद (१८८०–१९३६) यांच्या दोन गोष्टी या दृष्टीनें आम्ही विद्यार्थ्यांपुढें ठेवितों. एक 'पूस की रात', १९३० सालची. दुसरी 'ईदगाह', १९३३ सालची. योगायोग असा कीं, पहिलींत हल्कू शेतकऱ्यापाशीं तीन रुपये आहेत आणि दुसरींत लहानग्या हमीदपाशीं तीन पैसे.

हल्कूनें ते रुपये मजुरींतून पै-पै करून कांबळ्यासाठीं सांठविले होते. पूस म्हणजे आपला पौष. त्या महिन्यांतील उत्तरेकडील थंडीची कल्पना कोंकणांतील वाचकांस येणें कठीणच. घेणेकरी दारीं येतो. पत्नी मुन्नी कुरकुरते, ही शेती सोडून कां देत नाहीं म्हणून विचारते, आणि शेवटीं रुपये काढून देते. आमच्या मतें सारी कथा येथेंच ठरून गेली. पुढें हल्कू राखणीस बसतो. सोबतीला जबरा कुत्रा, अंगावर जुनी जाडीभरडी चादर, डोक्यावर उंसाच्या पाल्याचें छप्पर. चिलमीमागून चिलीम ओढली तरी थंडी हटत नाहीं. मग जवळच्या आमराईंतील पाचोळा गोळा करून तो शेकोटी पेटवितो; ऊब येतांच पोरासारखा आगीवरून उडी मारतो. इतक्यांत नीलगाई शेतांत शिरतात. जबरा भुंकभुंकून थकतो. हल्कूला चरण्याचा आवाज ऐकूं येतो. तो उठतो, दोन-तीन पावलें टाकतो, आणि वाऱ्याचा झोत लागतांच परत राखेजवळ येऊन निजतो. सकाळीं पीक उद्ध्वस्त. मुन्नी खिन्न, हल्कू मात्र प्रसन्न. कारण आतां थंडीच्या रात्रीं येथें निजावें लागणार नाहीं!

यांत बाह्य परिस्थिति कोणती? थंडी, कीं नीलगाई? तीं तर निमित्तें. कांबळें असतें तर तो दोन पावलांच्या पुढें गेला असता, निदान तसा संभव होता. पण खरी गोष्ट याहून खोल आहे. पीक आलें तरी तें देणें फेडण्यांतच जावयाचें, हें त्यास पुरतें ठाऊक आहे. ज्या शेताचें फळ आपलें नाहीं, त्यासाठीं मनुष्य किती पावलें चालेल? कर्जानें त्याचें कांबळें नेलें, आणि कांबळ्याबरोबर शेतावरची मायाहि नेली.

हमीद चार-पांच वर्षांचा, आईबाप नाहींत. आजी अमीना लोकांचे कपडे शिवून त्याला पोसते. ईदच्या जत्रेंत सोबती मातीचीं खेळणीं व मिठाई घेतात. हमीदचें मन लालचावतें, हें प्रेमचंदांनीं लपविलें नाहीं. परंतु लोखंडी सामानाच्या दुकानांत त्याला चिमटा दिसतो आणि तव्यावरून रोटी काढतांना भाजणारीं आजीचीं बोटें आठवतात. तीन पैसे तेथेंच संपतात.

गरिबी येथेंहि आहे, आणि हल्कूच्या घराहून कमी नाहीं. मात्र जत्रा व मूल यांच्यामध्यें तीं भाजलेलीं बोटें येऊन उभीं राहतात. हाहि बाहेरूनच आलेला संस्कार. विद्यार्थी तो मोजावयास विसरतात. एवढ्यावरून हमीद थोर व हल्कू दुबळा असा निकाल मात्र कोणीं देऊं नये. हमीदनें अजून घेणेकरी पाहिलेला नाहीं. शिवाय, चिमटा पाहून आधीं रागावलेली अमीना मग रडूं लागते, तेव्हां लेखक सांगतो कीं त्या घटकेस नातू म्हातारा झाला व आजी पोर झाली. पालकांनीं हें ठिकाण सावकाश वाचावें. चिमट्याची किंमत तीन पैशांहून पुष्कळ अधिक होती.

रशियन लेखक चेकॉव्ह याच्या १८८६ सालच्या 'वांका' या गोष्टींत तर मुलाच्या हातीं एक पत्र एवढेंच आहे. मॉस्कोंत चांभाराकडे काम शिकावयास ठेवलेला नऊ वर्षांचा वांका, मला येथून घेऊन जा, असें आजोबास लिहितो आणि पाकिटावर पत्ता घालतो, 'खेड्यांतील आजोबांस'. त्यास लिहितां येतें, पण पत्ता कसा लिहावा हें कोणीं शिकविलेलें नाहीं.

हल्कूची गोष्ट वर्गांत वाचून दाखविली तेव्हां दोन तट पडले. बहुतेकांनीं त्यास आळशी ठरविलें. मागच्या बांकावरील एक मुलगा, जो सुगींत वडिलांबरोबर माळ्यावर राखणीस जातो, बराच वेळ गप्प होता. शेवटीं त्यानें उठून एवढेंच विचारलें, "गुरुजी, ज्यांनीं त्याला आळशी म्हटलें, त्यांतले किती जण रात्रीं शेतांत निजले आहेत?"