इलेक्ट्रिकलची पदवी: उद्दिष्ट काय, फलित काय?

दहावीच्या वर्षात आमच्या वसतिगृहात एनडीएच्या खालोखाल चर्चा असते ती इंजिनीअरिंगची. पण ‘इलेक्ट्रिकल करून नेमके काय येते?’ असे विचारले की बहुतेकांची गाडी ‘नोकरी मिळते’ इथेच थांबते. म्हणून सुट्टीत मी काही कॉलेजांची माहितीपत्रके वाचून काढली.

त्यांत दोन शब्द सारखे येतात: उद्दिष्टे आणि फलिते. उद्दिष्ट म्हणजे पदवीनंतर काही वर्षांनी विद्यार्थी कुठवर पोहोचलेला असावा ही अपेक्षा. फलित म्हणजे पदवी हातात पडेल त्या दिवशी त्याला काय करता आले पाहिजे. उद्दिष्टे सगळीच कॉलेजे गोड लिहितात. पाहायची ती फलिते, कारण ती तपासता येतात. आपल्याकडे ही तपासणी नॅशनल बोर्ड ऑफ अ‍ॅक्रेडिटेशन करते. 2014 साली भारत वॉशिंग्टन कराराचा कायम सदस्य झाला. त्या करारानुसार मान्यता असलेला अभ्यासक्रम इतर सदस्य देशही समकक्ष मानतात.

फलितांची यादी वाचायला रुक्ष आहे, म्हणून वसतिगृहाचेच उदाहरण घेतो. हिवाळ्यात पीटीआधी सगळे गिझर एकदम सुरू होतात. समजा, 2 किलोवॅटचे सहा गिझर एकाच फेजवर जोडले आहेत. 230 व्होल्टला एक गिझर सुमारे 8.7 अँपिअर घेतो, म्हणजे त्या फेजवर 52 अँपिअर, आणि तेवढाच करंट न्यूट्रलमधून परत. बाकी दोन फेज रिकाम्या! तेच गिझर दोन-दोन वाटले तर प्रत्येक फेजवर साधारण 17 अँपिअर आणि न्यूट्रलमध्ये जवळजवळ शून्य. पहिला हिशोब दहावीच्या विज्ञानात बसतो. न्यूट्रलमध्ये शून्य का, हे कळायला तीन फेजमधला 120 अंशांचा फरक समजावा लागतो.

पण नुसते गणित सुटले म्हणजे झाले नाही. टाँग टेस्टरने प्रत्येक फेजचा करंट मोजणे, सप्लाय बंद असल्याची खात्री करूनच तारेला हात लावणे, कमी खर्चाचा उपाय निवडणे आणि तो वायरमन व प्राचार्य दोघांनाही कळेल असा लिहून देणे, हीसुद्धा फलितेच. सांघिक काम आणि नीतिमत्ता यांनाही त्या यादीत जागा आहे. कॅडेटला ती परकी वाटू नये.

नावाचा एक घोळ मात्र ध्यानात ठेवावा. अमेरिकेत ‘इंजिनीअरिंग टेक्नॉलॉजी’ ही वेगळी पदवी असते. तीत सिद्धांत आणि उच्च गणित कमी, प्रत्यक्ष वापर जास्त. आपल्या बी.टेक.मध्ये ‘टेक्नॉलॉजी’ असली तरी ती इंजिनीअरिंगचीच पदवी आहे.

माझ्या घरी एक मत असे आहे, की दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करावा आणि मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घ्यावा. हाताला काम लवकर लागते, हे खरे. पण एनडीएतून नौदलात जायचे तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवे, म्हणून मी अकरावी विज्ञानाच्या बाजूने आहे. नौदलात इलेक्ट्रिकल शाखा स्वतंत्र आहे आणि तिचे प्रशिक्षण जामनगरच्या आयएनएस वालसुरा इथे होते. समुद्रात गेलेल्या युद्धनौकेला किनाऱ्यावरून वीज मिळत नाही. ती जहाजावरच तयार करावी लागते, आणि रात्री दोन वाजता बिघाड झाला तर वीज कंपनीला फोन लावायची सोय नसते.