प्राणवायू : मिसळणे सोपे, वेगळे करणे कठीण

हवा हे वायूंचे मिश्रण आहे, हे वाक्य शाळेतील विद्यार्थी पाठ म्हणून दाखवितो. वायूंचे विसरण आणि मिश्रणांचे पृथक्करण हे विषय मात्र त्याला बहुधा निरनिराळ्या पाठांत भेटतात आणि त्यांचा परस्परसंबंध वर्गात क्वचितच उलगडला जातो. वास्तविक एक विषय ही दुसऱ्याची उलट बाजू होय. मिसळण्याची क्रिया आपोआप घडते. मिसळलेले वेगळे करण्यास ऊर्जा खर्चावी लागते. नाशिक शहरास याचा दारुण प्रत्यय २१ एप्रिल २०२१ रोजी आला.

त्या दिवशी महानगरपालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयाच्या आवारातील द्रवरूप प्राणवायूच्या टाकीला गळती लागली. नळ्यांतील दाब घसरला, पुरवठ्यात खंड पडला आणि करोनाचे वीसहून अधिक रुग्ण मृत्युमुखी पडले. आवारात दाटलेले पांढरे धुके तेव्हा चित्रफितींतून सर्वांनी पाहिले. ते धुके म्हणजे प्राणवायू नव्हे; वायुरूपातील प्राणवायू रंगहीन असतो. अतिशीत वायूच्या सान्निध्याने हवेतील बाष्पाचे सूक्ष्म कण बनले, तेच धुक्यासारखे दिसले.

बाहेर एवढा प्राणवायू असताना आतील रुग्णांना तो का लाभला नाही, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील. तो टाळू नये. एक लिटर द्रवापासून सुमारे ८५० लिटर वायू होतो. परंतु मोकळ्या जागी त्याचे रेणू वाऱ्याबरोबर आणि विसरणाने चहूकडे पांगतात व प्राणवायूचे प्रमाण लवकरच नेहमीच्या २१ टक्क्यांवर येते. फुप्फुसांतही विसरणच चालते. तेथील अतिसूक्ष्म पडद्यातून प्राणवायू रक्तात उतरतो. आजाराने हा पडदा सुजला, वायुकोशांत पाणी साठले, की ही गती मंदावते. म्हणूनच अशा रुग्णास २१ टक्के पुरत नाहीत.

मग प्राणवायू हवेतून वेगळा कसा काढतात? टॉमस ग्रॅहॅम यांच्या नियमानुसार हलका वायू अधिक वेगाने विसरण पावतो. तथापि नत्रवायूचा रेणुभार २८ व प्राणवायूचा ३२ असल्याने दोहोंच्या वेगांत जेमतेम सात टक्क्यांचा फरक पडतो. तेवढ्यावर हे काम भागत नाही. उत्कलनबिंदूंतील फरक अधिक उपयोगी ठरतो : नत्रवायू उणे १९६, तर प्राणवायू उणे १८३ अंश सेल्सिअसला उकळतो. हवेतील धूळ, बाष्प व कार्बन डायऑक्साइड काढून, तिचे द्रवीकरण करून उंच मनोऱ्यात भागशः ऊर्ध्वपातन केले असता नत्रवायू वर जातो आणि प्राणवायू तळाशी उरतो. जर्मनीचे कार्ल फॉन लिंडे यांनी १९०२ मध्ये या पद्धतीने प्राणवायू मिळविला. टँकरमधून रुग्णालयात येतो तो याच पद्धतीचा.

दुसरी पद्धत अधिशोषणाची. दाबाखालील हवा झिओलाइट या सच्छिद्र पदार्थाच्या खड्यांमधून सोडली की ते नत्रवायू धरून ठेवतात आणि सुमारे ९३ टक्के प्राणवायू पुढे जातो. उरलेला भाग मुख्यतः अरगॉनचा. दाब कमी केला की नत्रवायू सुटतो व खडे पुन्हा कामास येतात. यंत्रांतील झिओलाइट कारखान्यात बनविलेले असते. पण नैसर्गिक झिओलाइट नाशिक जिल्ह्याच्या काळ्या पाषाणातच सापडते. पांडवलेण्यांच्या परिसरातील खाणींची स्फटिकांसाठी ख्याती आहे आणि सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात असे नमुने पाहावयास मिळतात. शाळेच्या सहलीत ते दाखविले, तर पृथक्करणाचा पाठ फळ्यावरून हातात येईल.

२०२१ मध्ये राज्यातील अनेक रुग्णालयांच्या आवारांत अधिशोषण संयंत्रे उभी राहिली. टँकरची वाट पाहावी लागत नाही, हा त्यांचा मोठा लाभ. परंतु अखंड वीज आणि आत शिरणारी कोरडी, तेलविरहित हवा यांवाचून ती चालत नाहीत. खड्यांना ओल लागली की नत्रवायू धरण्याची त्यांची शक्ती घटते. ग्रामीण रुग्णालयास भेट देणाऱ्या पंचायत सदस्यांनी हवा सुकविणारा भाग चालू आहे काय, बाहेर पडणाऱ्या वायूतील प्राणवायूचे प्रमाण मोजले जाते काय आणि वीज गेल्यास भरलेली सिलिंडरे हाताशी आहेत काय, एवढे अवश्य विचारावे.