धावणाऱ्यांनो, सकाळची पहिली लघवी पाहा

पोलीस भरतीची तयारी करणारी आपल्या वस्तीतली मुले-मुली पहाटेच मैदान गाठतात. मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचे असते. ही मुले आम्हाला विचारतात, "ताई, लघवी पिवळी झाली म्हणजे अंगातलं पाणी कमी झालं का?" याचे उत्तर लघवी कधी पाहिली यावर ठरते.

शरीरात पाणी कमी पडले की मेंदू एका संप्रेरकामार्फत मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवायला सांगतो. मग लघवी कमी, दाट आणि गडद होते. हा दाटपणा स्पेसिफिक ग्रॅव्हिटीच्या आकड्यात मोजतात. शुद्ध पाण्याचा आकडा १.००० धरतात. खेळाडूंच्या बाबतीत आकडा १.०२० च्या वर गेला तर पाणी कमी असल्याची शंका घेतात. लघवी तपासायच्या काही पट्ट्यांवर हा आकडा अंदाजाने कळतो.

या तपासणीला किती महत्त्व आहे ते अमेरिकेत दिसले. तिथे १९९७ साली वजन घटवण्यासाठी पाणी तोडून, घाम काढणारे कपडे घालून व्यायाम करताना कॉलेजचे तीन कुस्तीगीर काही आठवड्यांत दगावले. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत वजनगट ठरवताना लघवीची तपासणी सक्तीची झाली.

पण ही तपासणी फसवूही शकते. धावून आल्यावर लगेच केलेली लघवी बऱ्याचदा आधीपासून मूत्राशयात साठलेली असते, त्यामुळे आत्ता गेलेला घाम तिच्यात दिसत नाही. उलट एकदम लिटरभर पाणी ढोसले तर लघवी पांढरी होते, पण शरीराची तूट भरलेली नसते. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीने लघवी गर्द पिवळी होते, बीटाने काहींची लालसर होते आणि टीबीच्या रिफाम्पिसिनने नारिंगी होते. पासष्टीच्या पुढच्या माणसांत तर लघवीच्या रंगावरून पाण्याची कमतरता ओळखता येत नाही.

म्हणून आम्ही तीन गोष्टी एकत्र पाहायला सांगतो:

१) सकाळी उठल्यावरच्या पहिल्या लघवीचा रंग. फिकट पिवळा असेल तर ठीक.
२) तहान.
३) वजन. सकाळी लघवीनंतर, कमीत कमी कपड्यांत वजन करा. सरावाच्या आधी आणि नंतरही करा. एक किलो घटले म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेले. ६० किलोच्या माणसाचे सरावात १.२ किलोहून जास्त, म्हणजे २ टक्क्यांवर वजन घटले, तर पाणी कमी पडले.

तीनपैकी दोन गोष्टी बिघडलेल्या दिसल्या तर पाणी कमी आहे असे समजा. त्या दिवशी जोर कमी करा, पाणी थोडे थोडे प्या आणि जेवण नीट घ्या. तहान नसताना लिटरच्या लिटर पाणी पिऊ नका. रक्तातले मीठ पातळ होऊन जीव धोक्यात येतो.

जबर सरावानंतर स्नायू खूप दुखत असतील आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर थेट दवाखाना गाठा. उन्हात धावताना कोणी बरळू लागला, तोल जाऊ लागला किंवा कोसळला, तर लघवी तपासत बसू नका. त्याला सावलीत घ्या, अंगावर गार पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन लावा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

शेवटी मुलींबद्दल. मैदानावर मुतारी नाही म्हणून कितीतरी मुली घरून निघतानाच पाणी पीत नाहीत. मग पहिलीच फेरी कोरड्या अंगाने होते. त्यांना नुसते "पाणी पी" म्हणून भागणार नाही. मैदानावर पिण्याचे पाणी आणि दार लागणारे स्वच्छतागृह मिळावे, यासाठी नगरपालिकेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज करा. पोहोच घ्यायला विसरू नका.