अळू-सुरणाची खाज : कारणे व उपाय

संगमेश्वर परिसरात पाऊस लागला की परसात मोरीच्या पाण्यावर अळू माजते आणि बांधावर तेरे उगवते. त्याच दिवसांत एखाद्या घरी अळूचे फदफदे घशाला लागते व दोष सुगरणीच्या माथी मारला जातो. खाज येते ती वनस्पतीच्या स्वसंरक्षणाच्या सोयीमुळे. ती नीट समजून घेतली तर स्वयंपाकातील आणि लागवडीतील उपायही समजतात.

घशाला झोंबणारा प्रत्येक पदार्थ एकाच कारणाने झोंबत नाही. मिरचीतील कॅप्सायसिन नसांना उष्णतेची खोटी जाणीव करून देते, प्रत्यक्ष जखम करत नाही. ताज्या ऑलिव्ह तेलाचा घोट घेतल्यावर घशात तिखट चुरचुरते व ठसका लागतो. त्यामागे ओलिओकॅन्थाल हे द्रव्य असून ते आयबुप्रोफेन या वेदनाशामकासारखे काम करते, असे 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. तेथील चाखणारे या ठसक्याला चांगल्या तेलाची खूण मानतात. अळू-सुरणाच्या बाबतीत मात्र खवखव ही चांगली खूण नव्हे.

अळू, सुरण, तेरे, शेवळ या एकाच कुळातील वनस्पती आहेत. त्यांच्या काही पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटच्या अतिसूक्ष्म, दोन्ही टोकांना अणकुचीदार सुयांच्या जुड्या असतात. अळूच्या देठाचा रस काचपट्टीवर घेऊन शाळेतील साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास त्या स्पष्ट दिसतात. पान चावले की पेशी फुटतात व सुया जिभेत आणि घशात रुततात. केवळ टोचण्याने एवढी आग होत नसते. सुयांबरोबर प्रथिने तोडणारे विकर असते, ते या बारीक जखमांत शिरते.

येथेच उपायाची किल्ली आहे. कॅल्शियम ऑक्झलेट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. कितीही उकळले तरी बहुतेक सुया राहतात. पण विकर हे प्रथिन असल्याने भरपूर उष्णतेने निकामी होते. म्हणून अर्धवट शिजलेले अळू खाजते व पूर्ण गळालेले खाजत नाही. वडीच्या बाबतीतही उंडा आतपर्यंत वाफवलेला असावा. वरून कुरकुरीत तळून आतला कच्चेपणा जात नाही.

चिंच किंवा आमसुलाने सुया विरघळतात ही समजूत बरोबर नाही. इतक्या सौम्य आम्लात त्या फारशा विरघळत नाहीत. तरी पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आंबटाच्या बाजूचा आहे (शेवळाबरोबर काकडाची आंबट-तुरट फळे घालतात ती काही उगीच नव्हेत), तेव्हा आंबट जरूर घालावे, मात्र त्यावर विसंबून शिजवण्यात कसूर करू नये. शिवाय आंबटाने भाजी व डाळ शिजायला वेळ लागतो. यास्तव फदफद्यात अळू, डाळ व दाणे आधी मऊ शिजवावेत आणि चिंच मागाहून घालावी. सुरणाच्या फोडी आमसुलाच्या पाण्यात ठेवून नंतर उकडाव्यात व ते पाणी टाकून द्यावे. विरघळणारे ऑक्झलेट त्यात उतरते. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी तर ते मुळीच वापरू नये. चिरताना हाताला खोबरेल चोळावे.

लहान मुलाने कच्चे पान किंवा शोभेच्या डायफेनबॅकियाचा देठ चावल्यास तोंडातील तुकडे काढून चूळ भरायला लावावी व थंड पाणी अथवा दूध द्यावे. ओठ-जीभ सुजली, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास झाला तर तत्काळ दवाखाना गाठावा.

आता लागवडीविषयी. खाजेचे प्रमाण जातीनुसार बदलते. एकदा घसा धरलेले गिऱ्हाईक पुन्हा त्या विक्रेत्याकडे सुरण मागत नाही, त्यामुळे विक्रीसाठी रानटी किंवा अनोळखी कंद लावणे परवडत नाही. आंध्र प्रदेशातील कोव्वूर येथील संशोधन केंद्राने निवडलेली ‘गजेंद्र’ ही सुरणाची जात खाजरी नाही. अळूसाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण हरितपर्णी’ ही जात आहे. बेण्याच्या प्रत्येक फोडीवर मधल्या डोळ्याचा भाग येईल असे काप करावेत, ते शेणकाल्यात बुडवून सावलीत सुकवावेत आणि पावसाच्या तोंडावर लावावेत. घरच्या बेण्यात रानसुरण मिसळले असल्याची शंका आल्यास काढणीच्या वेळी प्रत्येक गड्ड्याचा एक तुकडा उकडून चाखावा, आणि खाजरा निघालेला गड्डा बेण्यासाठी ठेवू नये.