खुर्ची कुठे थांबते, ते विचारा

टेल्को, बजाज, एचए या कंपन्यांतून निवृत्त झालेली पिंपरी-चिंचवडची पिढी आता पंच्याहत्तरीच्या आसपास आहे. मुलं-सुना चाकणला नोकरीत. चालवत नाही, पण हिंडायची हौस आहे, अशा आई-वडिलांसाठी क्रूझ हा पर्याय हल्ली घरोघर निघतो. एकदा सामान लावलं की आवराआवर नाही, जेवण जागेवर, समुद्र समोर. पर्याय चांगलाच आहे, फक्त बुकिंगच्या आधी खोदून विचारायला हवं.

आमचे अण्णा टेल्कोतले. दोन्ही गुडघे गेलेले. घरात वॉकर, बाहेर व्हीलचेअर. मुंबई-लक्षद्वीप ठरवताना एजंट म्हणाला, "व्हीलचेअर मिळेल, निर्धास्त राहा." मिळाली खरी, पण ती बंदरावरची. अण्णांना जहाजात चढवलं आणि परत गेली. घरची खुर्ची सोबत होती, पण ती केबिनच्या दारातून आत जाईना. बाथरूमला पाणी अडवणारा चार बोटं उंबरठा. रात्री अण्णा चौकट घट्ट धरायचे, एक पाय हाताने उचलून पलीकडे ठेवायचे, मग दुसरा. आई मागे कंबर धरून उभी.

लक्षद्वीपला मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही. ते खोल पाण्यात नांगर टाकतं आणि प्रवाशांना छोट्या बोटीतून बेटावर नेतात. लाटेबरोबर बोट खाली-वर होत होती. खलाशी नम्रपणे म्हणाला, "अंकल, पाऊल तुम्हालाच टाकावं लागेल." अण्णा-आई जहाजावरच राहिले.

म्हणून सांगते. दिव्यांगांसाठीची केबिन मागा. अशा केबिन मोजक्याच असतात, तेव्हा लवकर मागा. दार किती इंची, उंबरठा आहे का, धरायला दांडा आहे का, हे विचारा आणि घरची खुर्ची टेपने मोजा. केबिन लिफ्टजवळ, खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मध्यावर घ्या. तिथे हेलकावे कमी लागतात.

प्रत्येक थांब्याला जहाज धक्क्याला लागतं की बोटीने जायचं, हेही विचारा. गोव्यात मुरगावला आणि कोचीला ते धक्क्याला लागतं. पहिल्या खेपेला असेच थांबे बरे. तरी शिडीचा चढ भरती-ओहोटीप्रमाणे बदलतो, हे लक्षात असू द्या.

आपत्कालीन सराव चुकवू नका. संकटात लिफ्ट वापरत नाहीत, म्हणून 'यांना जिना चढता येत नाही' हे तेव्हाच कर्मचाऱ्यांच्या कानावर घाला. औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगा केबिनमध्ये उशिरा येतात. जहाजावरच्या डॉक्टरांचं बिल वेगळं लागतं. विमा काढताना जुनी दुखणी लपवू नका.

निगडीहून निघताना अटल सेतूच्या भरवशावर राहू नका. सेतू २०२४ मध्ये झाला, खंडाळ्याचा घाट आहे तिथेच आहे. आदल्या दिवशी मुंबई गाठा.

आणि 'व्हीलचेअर मिळेल' हे उत्तर धरू नका. ती कुठे थांबते आणि तिथून पुढे कोण, कसं नेणार, हे लेखी हातात आल्याशिवाय पैसे भरू नका.