दोन तारांमधली मोकळी जागा



मागच्या पावसाळ्यात नववीतला एक मुलगा डास मारायची बॅट खोलून वर्गात घेऊन आला. "सर, बॅटरी काढलीय, आता काय होत नाय," म्हणत त्याने जाळीला हात लावला आणि सणकन झटका बसला. थोडक्यात निभावलं. त्या दिवशी ठरलेला धडा बाजूला ठेवून मी बॅटवरच तास घेतला.

बॅटरी काढली तरी कपॅसिटरमध्ये प्रभार साठून राहतो, हे पहिलं. बॅटच्या जाळ्यांमध्ये हजार-दोन हजार व्होल्ट असतात. कोरड्या हवेत १ मिमी अंतर ओलांडायला ठिणगीला साधारण ३००० व्होल्ट लागतात. जाळ्यांत काही मिमी जागा सोडलेली असते, म्हणून एरवी ठिणगी पडत नाही. डास मध्ये आला की अंतर कमी होतं आणि चट्!

एका मुलीने विचारलं, "मग २३० व्होल्टच्या चार्जरमध्ये तारा चिकटून ठेवल्या तरी चालेल की?" प्रश्न भारी होता. उत्तर असं, की वीज फक्त हवेतून उडी मारत नाही, पृष्ठभागावरून सरपटतही जाते. धूळ बसली, दमट हवा लागली की तीच वाट बनते. शिवाय वीज कडाडली की लाइनमध्ये क्षणभर हजारो व्होल्ट येऊ शकतात. म्हणून चांगल्या चार्जरमध्ये दोन बाजूंत काही मिमी अंतर ठेवतात, कधी पट्टीला मध्ये खाच पाडतात. खाचेमुळे सरपटायची वाट लांबते.

हेच तत्त्व आपल्या तालुक्यातही दिसतं. ३१ डिसेंबर २०१३ रोजी सोलापूर–रायचूर ७६५ केव्ही वाहिनीने दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाशी जोडलं गेलं. अशा मनोऱ्यांवर चिनीमातीच्या किंवा काचेच्या चकत्यांची लांब माळ असते. चकत्यांना खालून वळ्या असतात, त्या याच वाटेला लांबवण्यासाठी. पहिल्या पावसात खांबावर चर्र आवाज येतो, तो ओल्या धुळीचा.

पालकांनी मुलांना एवढं जरूर सांगावं: बॅट, चार्जर, टीव्ही स्वतः खोलायचे नाहीत. आणि शेतात बोअरचा पाइप उभा करण्याआधी वर बघायचं. मोठ्या दाबाच्या तारेला हात लागावाच लागत नाही. अंतर कमी झालं तरी पुरतं.

मोकळी जागा म्हणजे रिकामी जागा नव्हे. तीच आपलं संरक्षण आहे.