अब्जांश तंत्रज्ञानाचे शिक्षण आणि लातूरचे पाणी

मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागास नॅनोमीटर म्हणतात. या मापाच्या कणांचे सामर्थ्य विद्यार्थ्यांस समजावून देण्यास शेतजमिनीचा हिशेब पुरेसा आहे. एक सेंटिमीटर बाजूचा चांदीचा ठोकळा सुमारे साडेदहा ग्रॅमचा, म्हणजे तोळाभर भरतो व त्याचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. त्याचेच १० नॅनोमीटर बाजूचे ठोकळे केले, तर चांदी तेवढीच राहते, परंतु पृष्ठफळ ६०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ सहा गुंठे होते. रासायनिक क्रिया पृष्ठभागावर घडत असल्याने थोड्या द्रव्यात मोठे कार्य साधते. थोड्या द्रव्याने मोठी हानीही संभवते.

हे दुसरे अंग शिकविणे म्हणजेच या तंत्रज्ञानाचे शाश्वत शिक्षण होय. १९९८ साली अनास्तास व वॉर्नर या शास्त्रज्ञांनी हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वे मांडली. त्यांतील पहिले तत्त्व असे की, टाकाऊ द्रव्य निर्माण झाल्यावर त्याची विल्हेवाट लावण्यापेक्षा ते निर्माणच होऊ न देणे श्रेयस्कर.

पदव्युत्तर वर्गास सहज करता येण्याजोगा प्रयोग चांदीच्या कणांचा आहे. सिल्व्हर नायट्रेटच्या सौम्य द्रावणात कडुनिंबाच्या पानांचा अर्क मिसळला असता द्रावण पिवळसर, नंतर तपकिरी होते. सोडियम बोरोहायड्राइडचे काम येथे पानांतील द्रव्ये करतात. मात्र एवढ्यावरून प्रयोगास ‘हरित’ म्हणणे ही घाई आहे. पाल्यातून निपजली तरी चांदी ही चांदीच. ती जिवाणूंना मारते. सांडपाण्यावाटे ती जमिनीत पोहोचली, तर तूर, हरभरा व सोयाबीन यांच्या मुळांवरील गाठींत नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूंचे काय होईल, हा प्रश्न लातूरच्या विद्यार्थ्यास परका नाही. त्याचे उत्तर रसायनशास्त्राच्या एकट्या प्राध्यापकाकडे नसते. त्यासाठी सूक्ष्मजीवशास्त्र व कृषिविज्ञान यांचे अध्यापक एका मेजाभोवती बसावे लागतात.

नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे जिल्हे १९९४ मध्ये स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतात. बारावीच्या गुणांसाठी ‘लातूर पॅटर्न’ महाराष्ट्रभर गाजला. परंतु ज्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकाच्या शेवटी छापलेले नाही, त्याच्यापुढे केवळ सराव पुरा पडत नाही.

पाण्याचा प्रश्न याहून निकडीचा आहे. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी लातुरास आली. कण तयार करणे, ते वेगळे करणे व पुनःपुन्हा धुणे यांस ऊर्ध्वपातित पाणी लागते. ते काढणाऱ्या साध्या उपकरणाच्या शीतनळीतून एका लिटरमागे अनेक लिटर पाणी मोरीत वाहून जाते. ज्या गावाने रेल्वेच्या पाण्यावर उन्हाळा काढला, तेथील प्रयोगशाळेत हे शीतजल टाकीत साठवून पुन्हा फिरविणे हा प्रयोगाचाच भाग मानला पाहिजे.

प्रयोगवहीत कणांचा आकार व रंग नोंदविला जातोच. त्यापुढे दोन रकाने वाढवावे लागतील : पाणी किती लागले आणि चांदी कोठे गेली. उरलेल्या द्रावणात साधे मीठ घातल्यास विरघळलेली चांदी सिल्व्हर क्लोराइडच्या पांढऱ्या साक्याच्या रूपाने खाली बसते. तो साका गाळून, वाळवून, तोलून नाव लिहिलेल्या बाटलीत ठेवता येतो.